अग्निशमन केंद्र, पोलीस चौकी, रुग्णवाहिका एकाच इमारतीत: जागा राखीव आहे, आराखडा आणि पैसा यावर मतं हवीत

जिना_चौथा

नमस्कार मंडळी. मी पूर्व उपनगरात राहते. भागाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण पूर्व द्रुतगती मार्ग आणि रेल्वे यांच्या मधल्या पट्ट्यातल्या कुणालाही वर्णन ओळखीचं वाटेल.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर आग लागली. वेळ रात्री पावणेतीनची. बंब पाच-सहा किलोमीटरवरच्या केंद्रातून निघाला आणि मोठ्या रस्त्यापर्यंत झटकन आलासुद्धा. अडला तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. वॉचमन आणि कॉलेजची दोन मुलं एकेक स्कूटर उचलून फुटपाथवर ठेवत होती, आणि बंबातला जवान खाली उतरून हाताने "अजून थोडं, अजून थोडं" करत ड्रायव्हरला पुढे घेत होता. मी खिडकीतून घड्याळ बघत होते. त्या शंभर पावलांना अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात शेजारच्या आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, तोंडाला ओला टॉवेल बांधून चौघांनी जिन्याने खाली आणलं. आजोबा आज ठणठणीत आहेत. पण ती खुर्ची अजून आमच्या गेटपाशी पडलेली असते आणि येता-जाता दिसते.

आमच्या मागच्या बाजूला विकास आराखड्यात अग्निशमन केंद्रासाठी राखीव भूखंड आहे. सध्या तिथे भंगार आणि दोन-चार टपऱ्या आहेत. परवा वॉर्डातल्या एका बैठकीत प्राथमिक रेखाचित्र दाखवलं: तळमजल्यावर बंब, पहिल्यावर पोलीस चौकी, शेजारी १०८ रुग्णवाहिकेचा थांबा, वर वॉर्डाचा आपत्ती नियंत्रण कक्ष, त्याच्यावर जवानांची घरं. कल्पना मला मनापासून आवडली. पण "निधीचं बघू" या दोन शब्दांवर बैठक संपली.

इथे अग्निशमन, पालिका, बांधकाम यातली जाणती माणसं आहेत. अशी इमारत आखताना काय मागायचं, आणि पैसा कुठून येतो?

---

माटुंगाकर

महत्त्वाचा धागा. वाचतोय.

---

वर्दी१०१

ताई, मी मुंबई अग्निशमन दलातून ३१ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालो. जरा सविस्तर लिहितो.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष आहे: शहरी भागात १० चौरस किलोमीटरला एक केंद्र, आणि वर्दी, म्हणजे आगीची खबर, मिळाल्यापासून ५ ते ७ मिनिटांत गाडी जागेवर. मुंबई पालिकेचं क्षेत्र साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणि पूर्ण क्षमतेची केंद्रं सुमारे ३५. म्हणजे एका केंद्राला सरासरी १३ चौरस किलोमीटर. त्यात दक्षिण मुंबईत केंद्रं जवळजवळ आहेत, कारण शहर तिथून वाढलं. तूट सगळी उपनगरांच्या वाट्याला येते. तुमची मागणी हौसेची नाही, निकषातली आहे, हे पत्रात पहिल्या ओळीत लिहा.

आता इमारतीबद्दल. वास्तुविशारद बहुतेकदा दर्शनी भागापासून सुरुवात करतात. अग्निशमन केंद्राची सुरुवात गाडीच्या चाकापासून करावी लागते. गाडी बाहेर कुठल्या रस्त्यावर पडणार? वळायला जागा किती? दलाकडे ९० मीटर उंचीपर्यंत जाणारी शिडीची गाडी आहे. प्रत्येक केंद्रात ती नसते, नसणार. पण नव्या केंद्राच्या दारातून उद्या मोठी शिडी आत घ्यायची वेळ आली तर तुळई आडवी यायला नको. जमिनीची लादी भरलेल्या टँकरचं वजन पेलणारी हवी. मी एका जुन्या केंद्रात होतो, तिथे गाडी मागे घेताना लादी दबायची आणि पावसाळ्यात त्या खळग्यात पाणी साचायचं. आम्ही त्यावर लोखंडी पत्रा टाकला होता. रात्री गाडी निघाली की त्या पत्र्याचा आवाज वर घरांत जायचा आणि बायकामुलांना कळायचं, वर्दी आली.

त्याच केंद्रात वॉचरूमच्या छताचं प्लास्टर पडायचं. टेलिफोन आणि नोंदवही भिजू नये म्हणून टेबल भिंतीकडे सरकवलं होतं. वॉचरूम म्हणजे केंद्राचे कान. तिथल्या माणसाला गाड्या दिसल्या पाहिजेत, रस्ता दिसला पाहिजे. तुमच्या रेखाचित्रात वॉचरूम जिन्याखाली ढकललेली असेल तर तिथेच हरकत घ्या.

आणि जवानांची घरं. "घरं कशाला, नुसती ड्युटीची खोली पुरे" असं कुणीतरी म्हणणारच, कारण त्याने खर्च कमी दिसतो. कृपा करून हे मान्य करू नका. मोठी आग लागली की पहिली पाळी जागेवर गुंतते. दुसरी गाडी कोण काढणार? आवारात राहणारा माणूस चपला घालून खाली येतो. कर्जत-टिटवाळ्याहून येणारा माणूस लोकल पकडून येतो.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला तेव्हा दलाचे ६६ जण गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या जुन्या इमारतीत लागलेल्या आगीपायी आमचे चार अधिकारी गेले, त्यात दलाचे प्रमुखही होते. एवढं सांगतो, कारण केंद्र म्हणजे नुसतं गॅरेज नव्हे हे बैठकीत कुणीतरी म्हटलं पाहिजे.

---

जिना_चौथा

काका, वॉचरूम खरोखरच मागच्या बाजूला दाखवली आहे. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

---

हिशेबनीस

पालिकेच्या लेखा खात्यात होतो, म्हणून पैशाचं बोलतो.

मुंबई पालिकेकडे पैसा नाही असं कुणी म्हणालं तर आकडा समोर ठेवा. २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. त्यात एक अग्निशमन केंद्र म्हणजे दाण्याएवढी रक्कम. अडचण वेगळी आहे. तुमच्या इमारतीत तीन घरचे पाहुणे एकाच छपराखाली येणार आणि तिघांची पाकिटं वेगळी. अग्निशमन पालिकेचं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत ते महापालिकांच्या विषयांत आहे आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात ते पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. पोलीस राज्याच्या गृह विभागाचे. १०८ रुग्णवाहिका राज्याच्या आरोग्य विभागाची. पालिका आपल्या भांडवली खर्चातून पोलिसांचा मजला बांधू लागली की लेखापरीक्षणात पहिला प्रश्न येतो: हा खर्च अंदाजपत्रकातल्या कुठल्या शीर्षाखाली? मग फाईल मंत्रालयात जाते, तिथून "जागेचं भाडं किती, भाडेपट्टा किती वर्षांचा" असं विचारणारं पत्र येतं, आणि तेवढ्यात दोन अंदाजपत्रकं उलटून जातात.

म्हणून माझा सल्ला: अग्निशमन केंद्र आणि आपत्ती कक्ष हा पालिकेचा गाभा म्हणून एकट्याने मंजूर करून घ्या. पोलीस आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी आराखड्यात मजला आणि पायाची ताकद ठेवा, पण त्यांच्या संमतीवाचून काम अडणार नाही अशी टप्प्यांची रचना मागा. पोलिसांच्या भागासाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी किंवा पोलीस गृहनिर्माण महामंडळ हा रस्ता आहे. आमदार-खासदार निधीतून साहित्य, एखादी गाडी, चौकीचं फर्निचर होईल. त्यातून इमारत उभी राहील ही आशा धरू नका.

केंद्र सरकारचीही योजना होती. १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २०२३ च्या जुलैत राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना जाहीर झाली, महाराष्ट्रासारख्या राज्याने २५ टक्के वाटा घालायचा. ती २०२५-२६ पर्यंतची होती. असा पैसा राज्यामार्फत येतो आणि प्रस्ताव तयार असलेल्यालाच मिळतो. जागा ताब्यात, नकाशा मंजूर, अंदाजपत्रक तपासलेलं, अशी फाईल हातात असेल तर पुढची योजना आली की तुम्ही रांगेत पुढे असता.

शेवटची आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. इमारतीचा खर्च एकदाच. माणसांचा खर्च दरवर्षी. भांडवली तरतूद करून इमारत बांधायची आणि आकृतिबंधात, म्हणजे खात्याच्या मंजूर पदांच्या यादीत, पदं मंजूरच करायची नाहीत, हे मी फाईलींमध्ये पाहिलंय. मग नव्या केंद्रात माणसं आणायची कुठून? शेजारच्या केंद्रातून तोडून. दोन्ही अर्धी. तुमच्या पत्रात इमारतीच्या मागणीच्या शेजारीच पदनिर्मितीची मागणी असू द्या: स्टेशन ऑफिसर, लिडिंग फायरमन, यंत्रचालक, फायरमन, वॉचरूमचा माणूस, प्रत्येक पाळीला किती, हे आकड्यात.

---

पार_सातासमुद्रा

मी पंधरा वर्षं अमेरिकेत आहे, मूळची दादरची. इकडे अशा इमारतीला पब्लिक सेफ्टी बिल्डिंग म्हणतात. आमच्या गावात पोलीस, अग्निशमन आणि फोन घेणारा कक्ष एकत्र आहेत. पैसा उभारायला गाव रोखे काढतं आणि त्यासाठी मतदान घेतात. मतपत्रिकेसोबत घरी कागद येतो, तुमच्या घरपट्टीत वर्षाला इतकी वाढ होईल म्हणून. पहिल्यांदा लोकांनी नाही म्हटलं. मग जुन्या इमारतीत लोकांना फिरवलं, ओल आलेल्या भिंती आणि दारात न मावणारी गाडी दाखवली, खर्च थोडा कमी केला, आणि दुसऱ्या वेळी मंजूर झालं. मुंबई पालिका असे रोखे काढू शकत नाही का?

---

हिशेबनीस

काढता येतात. पुणे पालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे काढले होते, पाणीपुरवठ्यासाठी. पण रोख्यांचं व्याज फेडायला उत्पन्न लागतं आणि अग्निशमन केंद्र काही कमावत नाही. शिवाय तुमच्याकडे गाव म्हणजे काही हजार घरं आणि पोलीसही गावाचेच. इथे एका केंद्रासाठी कर्ज काढायची गरजच नाही, तरतूद पुरते. तुमच्या गोष्टीतलं घेण्यासारखं मला दुसरंच वाटलं: लोकांना जुन्या केंद्रात नेऊन फिरवलं, ते. अग्निशमन सप्ताहात आपल्याकडेही केंद्रं मुलांना दाखवतात. यंदा नगरसेवक आणि सोसायट्यांचे पदाधिकारी यांनाच न्या.

---

सोसायटी_सचिव

मी त्याच भागातला आहे असं वाटतंय, कारण भूखंडाचं वर्णन जुळतंय. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमच्या ६४ सदनिकांपैकी निम्म्या लोकांना हे केंद्र नको आहे. रात्री-अपरात्री सायरन, गेटसमोर सतत बंबांची ये-जा, आणि भागात मुलांना खेळायला एक मैदान नाही. तिथे उद्यान व्हावं अशी सही मोहीम आम्ही सुरू केली होती. माझी आई हृदयरोगी आहे, झोप मोडली तर तिला त्रास होतो. हा प्रश्न क्षुल्लक नाही.

---

वर्दी१०१

सचिव साहेब, क्षुल्लक मुळीच नाही. रात्री रस्ता मोकळा असेल तर गाडी आवारातून सायरन न वाजवता निघते, मोठ्या रस्त्यावर गेल्यावर वाजवते. ही शिस्त पाळता येते आणि तशी अट लेखी मागता येते. गाड्यांचं तोंड सोसायटीकडे न ठेवता रुंद रस्त्याकडे ठेवलं तर तुमचा आणि आमचा दोघांचा फायदा. पण आईंना छातीत दुखलं तर रुग्णवाहिका भिंतीपलीकडे उभी असेल, हेही त्यांना विचारून बघा.

---

पोलीसलाईन

वडील पोलीस खात्यात होते, लहानपण लाईनीत गेलं. चौकी अग्निशमन केंद्राबरोबर असण्याचा खरा उपयोग आगीच्या वेळी दिसतो. बंबाला रस्ता मोकळा करून देणं, गर्दी मागे हटवणं, चोऱ्या होऊ न देणं, हे पोलिसांचं काम. १०१, ११२, १०८ आणि पालिकेचा १९१६ हे चार नंबर चार ठिकाणी वाजतात. खालच्या पातळीवर माणसं एकमेकांना तोंडओळखीने ओळखत असली तर अर्धं काम सोपं होतं.

मात्र दारं वेगळी ठेवा. चौकीत तक्रार द्यायला येणारी बाई रडत येते, कधी मारहाण झालेली असते. तिला चकाचक गाड्या आणि जवानांच्या घोळक्यासमोरून जावं लागू नये. चौकीला रस्त्यावरून थेट येणारं दार हवं, बसायला आडोशाची खोली हवी, आणि ती पहिल्या मजल्यावर नको, तळमजल्यावर हवी. म्हाताऱ्या माणसाने तक्रार द्यायला जिना का चढावा? आणि महिला पोलिसांसाठी स्वच्छतागृह. माझी बहीण खात्यात आहे. बंदोबस्ताच्या दिवशी ती पाणी पीत नाही. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

---

नकाशेवाली

वरच्या प्रतिसादाला दोन्ही हातांनी अनुमोदन. स्त्री जवानही आता दलात आहेत, त्यामुळे हाच मुद्दा बंबांच्या बाजूलाही.

मी वास्तुविशारद आहे. भूकंपाच्या २०१६ च्या भारतीय मानकात मुंबई तिसऱ्या क्षेत्रात आहे, आणि अग्निशमन केंद्र, रुग्णालय अशा इमारतींना महत्त्व गुणांक १.५ धरावा लागतो. सोप्या भाषेत, साध्या घरापेक्षा दीडपट जोर गृहीत धरून सांगाडा बांधायचा, कारण शहर हललं तर हीच इमारत उभी राहायला हवी. सल्लागाराला हा आकडा विचारा. उत्तर लगेच आलं पाहिजे.

पण मुंबईत भूकंपाआधी पाणी येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी तुमच्या त्या भूखंडावर पाणी किती होतं हे जुन्या रहिवाशांना विचारा, भिंतीवर खूण करून घ्या आणि जोत्याची पातळी त्याच्या वर मागा. जनरेटर, विजेचं पॅनल, बिनतारी यंत्रणा तळघरात जाता कामा नये. आपत्ती नियंत्रण कक्षच पाण्याखाली गेला तर त्या कक्षाचा उपयोग काय?

अजून एक, जो रेखाचित्रात नेहमी राहून जातो. आगीवरून परतलेला जवान काजळीने माखलेला असतो आणि ती काजळी विषारी असते. गाडीतून उतरल्यावर कपडे धुण्याची, अंघोळीची जागा आधी लागली पाहिजे, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली नंतर. त्याच कपड्यांनी वर घरात जायचं आणि पोराला उचलून घ्यायचं, असं होऊ नये. याला पैसे फारसे लागत नाहीत. खोल्यांचा क्रम बदलावा लागतो, आणि तो कागदावर आत्ताच बदलता येतो.

---

माटुंगाकर

एक शंका. कमला मिलच्या आगीनंतर (डिसेंबर २०१७, १४ बळी) कंटेनरमधली छोटी अग्निशमन केंद्रं उभारायचं ठरलं होतं. भूखंडावर आत्ता तसंच एक ठेवलं तर लगेच सोय होईल, नाही का?

---

वर्दी१०१

होईल, आणि जरूर मागा. छोटी गाडी गल्लीत शिरते, पहिली पाच मिनिटं सांभाळते. भीती एवढीच की तात्पुरतं तेच कायमचं होऊन बसतं. कंटेनर आला की कागदावर "केंद्र आहे" असं लागतं आणि इमारतीची फाईल मागे पडते. पत्रात "इमारत पूर्ण होईपर्यंत" हे शब्द घाला.

---

शाईपेन

वकिली करते. सगळ्यांनी इमारतीबद्दल लिहिलं, जमिनीबद्दल कुणीच नाही. ताई, तो भूखंड पालिकेच्या मालकीचा आहे का?

खासगी असेल तर घड्याळ चालू आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम १२७. विकास आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीपासून २४ महिन्यांत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मुंबईचा सध्याचा विकास आराखडा (‘२०३४’ नावाचा) सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. म्हणजे २०२८ नंतर मालकाला नोटिशीचा मार्ग खुला. त्यानंतर तिथे टॉवर उभा राहिला तर तक्रार करायला जागा राहणार नाही.

जमीन घ्यायला दरवेळी रोख पैसाच लागतो असं नाही. मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देता येतो. काही आरक्षणांत मालकच सुविधा बांधून पालिकेला फुकट देतो आणि बदल्यात त्याला बांधकामाचा हक्क मिळतो. इथे मात्र सावध राहा. बिल्डरने बांधून दिलेल्या केंद्रात वर त्याचे विक्रीचे मजले आले, की गाड्यांच्या दारासमोर त्याच्या ग्राहकांचं पार्किंग येतं. बंबाचं आवार स्वतंत्र, रस्ता स्वतंत्र, ही अट करारात आधी घालावी लागते.

आणि एकाच आरक्षणावर पोलीस, रुग्णवाहिका असे दुसरे सार्वजनिक वापर जोडायला वेगळी मंजुरी लागते. तीही आत्ताच मागा. मालमत्ता पत्रक आणि आराखड्याचा शेरा (भूखंडावर काय आरक्षण आहे ते सांगणारा पालिकेचा दाखला) काढून घ्या, मग पुढचं सांगते.

---

जिना_चौथा

उशिरा लिहितेय, कारण कागद काढायला वेळ लागला.

मालमत्ता पत्रक मिळालं. भूखंडाचा मोठा भाग पालिकेचा आहे, रस्त्याकडची चिंचोळी पट्टी खासगी. म्हणजे गाड्या बाहेर पडायच्या तीच जागा खासगी. शाईपेन ताई, तुम्ही विचारलं नसतं तर हे कळलंच नसतं.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सहा जण टेप घेऊन गल्लीत उतरलो. सचिव काकाही आले (हो, ते आमच्याच भागातले निघाले). आराखड्यात रस्ता १३.४० मीटर रुंद दाखवला आहे. लावलेल्या गाड्या सोडून मोकळा मिळाला तो ४.१ मीटर, आणि जिथे बंब अडला होता तिथे ३.२. प्रत्येक ठिकाणी खडूने खूण केली आणि फोटो काढले. सचिव काकांनी स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं होतं. त्यांनी एवढंच म्हटलं की उद्यानाच्या सह्या ते मागे घेणार नाहीत, पण गच्चीवर किंवा मागच्या कोपऱ्यात मुलांसाठी जागा सुटत असेल तर केंद्राच्या पत्रावर सही करतील. नकाशेवाली, तशी जागा निघेल का, बघाल?

पत्राचा मसुदा केलाय. निकष आणि आमचं मोजमाप आधी. मग खासगी पट्टीचं संपादन. मग पालिकेच्या भागाला येत्या अंदाजपत्रकात तरतूद आणि तिच्याबरोबरच पदं. पोलीस आणि १०८ साठी वेगळी पत्रं, पायाची ताकद आत्ताच ठेवण्याची विनंती. शेवटी आराखड्यातले बदल: वॉचरूम पुढे, चौकी तळमजल्यावर, काजळीची खोली, जोत्याची उंची. अंदाजपत्रक सहसा फेब्रुवारीत मांडलं जातं, त्यामुळे खात्यांच्या मागण्या ठरण्याआधी हे पोचायला हवं.

२६ जुलैची खूण अजून राहिली आहे. त्या दिवशीचं पाणी पाहिलेल्या टपरीवाल्या मावशी गावाला गेल्यात, सोमवारी येतील.

---

हिशेबनीस

मसुदा मला पाठवा, शीर्षं बरोबर लावून देतो. पत्र आवक विभागात द्या आणि शिक्का मारलेली प्रत घ्या.

---

वर्दी१०१

भेटीला कधी जाताय? मी येतो. नकाशावर वॉचरूम कुठे हवी ते बोट ठेवून दाखवतो.

---

जिना_चौथा

गुरुवारी दुपारी तीनला, काका. वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांपाशी. ते अकरा मिनिटांचं गल्लीतलं मोजमाप मी मोठ्या कागदावर काढून आणतेय.